नंदकुमारची जयगडची बोट

आमच्या मजल्यावर लिफ्टच्या डाव्या हाताला मी आणि उजव्या हाताला नंदकुमार. आम्ही उलव्यात राहायला आलो तेव्हा ही इमारत एकटीच उभी होती आणि समोर चिखल आणि बगळे होते. आता समोर इमारतींची रांग लागली आहे आणि डोक्यावरून विमानं उतरतात. विमान आलं की बोलता बोलता थांबायचं आणि गेलं की पुढे सुरू करायचं, ही सवय आम्हाला सगळ्यांनाच लागली आहे. नंदकुमारला मात्र विमानाचं काही कौतुक नाही. त्याला बोट हवी होती.

हा माणूस माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तोंडावर मी त्याला भावोजी म्हणते आणि तो मला वहिनी म्हणतो. पण लिहिताना अरे-तुरे केल्याशिवाय मला त्याच्यावर नीट रागावता येणार नाही, आणि मला रागवायचं आहे. तसा त्याच्यावर राग धरणं अवघडच. एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून तो रिटायर झाला. स्वभावाने इतका मऊ की सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणाऱ्या दोन्ही पार्ट्यांकडे बघून मान डोलावतो आणि मग दोन्ही पार्ट्या त्याला फितूर म्हणतात. घरात वैशालीचा शब्द चालतो. त्याबद्दल त्याची तक्रार नाही, कोणाचीच नाही. वैशालीने तो संसार चांगला केला आहे.

आईचं तोंड नंदकुमारला आठवत नाही. तो अंगावर पीत होता तेव्हाच ती गेली. वडील मुंबईत छापखान्यात, पोर गावी. जयगडच्या खाडीत आत त्यांचं गाव आहे. तिथे त्याच्या काकीने, वेणूकाकीने, त्याला वाढवलं. तिचा स्वतःचा मुलगा, अंकुश, तेव्हा व्हायचा होता. पोरगं चौथी झालं तशी वडिलांनी त्याला शाळेसाठी मुंबईला मागवलं आणि काकी त्याला घेऊन निघाली. गावातून होडीने जयगडला यायचं, तिथून पडावात बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत जायचं आणि लोकांनी हाताला धरून वर ओढून घ्यायचं. नंदकुमारला बोट लागली. भाऊचा धक्का येईपर्यंत तो ओकत होता आणि काकी त्याचं कपाळ धरून त्याच्या तोंडात आमसुलाचे तुकडे घालत होती. लालबागच्या खोलीत त्याला सोडून ती परतीच्या बोटीने निघाली तेव्हा तो तिच्या लुगड्याचा सोगा सोडेना. ती म्हणाली, "रडतोस काय? बोटीत बसलास की पोचलास माझ्याकडे." हा म्हणाला, "मी बोटीनेच येईन."

पुढे वडील त्याला बोट लागते म्हणून सुट्टीत एसटीने पाठवायचे. मग काही वर्षांनी बोटीच बंद झाल्या. मग कोकण रेल्वे आली, भाड्याची गाडी आली. नंदकुमार गावी सगळ्या मार्गांनी गेला, बोटीने तेवढा राहिला. आणि काकी काही विसरली नाही. तो अंगणात पाऊल टाकायचा आणि ती ओटीवरूनच विचारायची, "बोटीनं आलास काय रं?" तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला, काकी." सगळं घर हसायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा मीही हसले होते.

म्हणून गेल्या पावसाळ्यात त्याला मोबाइलवर ती जाहिरात दिसली तेव्हा तो आमची बेल वाजवतच सुटला. एक छोटं प्रवासी जहाज, मुंबईहून निघणार आणि जुन्या बंदरांना लागत लागत गोव्याला जाणार. आधी रेवदंड्याजवळचं चौल, मग दाभोळ, मग जयगड, विजयदुर्ग, मालवण. "वहिनी, जयगड आहे बघा! लिहिलंय! दुपारचा मुक्काम!" मी म्हटलं, बघते, आधी आत तर या.

त्या दिवसापासून त्याने आम्हाला छळलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला आणि त्यावर काच टाकली. आपण चहा प्यायला बसलो की आपल्या कपाखाली दाभोळ असायचं. मग आपण कप उचलायचा आणि त्याने सांगायचं, की दाभोळहून एके काळी मक्केपर्यंत जहाजं जायची, वहिनी, आणि आज तिथे जेटीवर कुत्री झोपतात. चौलला कोणकोणत्या देशांचे व्यापारी उतरायचे ते सांगायचं. विजयदुर्ग आला की आवाज चढायचा. लोणच्याची बरणी नेहमी जयगडावर असायची, ती कोणी हलवायची नाही. वैशाली म्हणायची, "ताई, लग्नानंतर हा माणूस माझ्याशी इतकं बोलला नव्हता." आणि ती खूश होती. कारण तारखाही जमून आल्या होत्या. त्यांची मनाली कॅनडाहून येणार होती, जावई आणि छोट्या नातीला घेऊन. पाचही जण एकत्र बोटीवर. अंकुशने कबूल केलं होतं की काकीला रिक्षात घालून जयगडच्या धक्क्यावर आणेन. नंदकुमार बोटीतून उतरणार आणि काकी विचारणार, बोटीनं आलास काय रं. या वेळी उत्तर हो असणार होतं. हेच सगळं होतं. बाकीची बंदरं आपली तोंडी लावायला.

आणि थंडी सुरू झाली तशी काकीने अंथरूण धरलं.

पडली नाही, लागलं नाही. वय झालं, जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. नंदकुमार लगेच गावी निघाला होता. वैशालीने थांबवलं नाही, उलट बरोबर लाडू करून दिले. पण काकीनेच फोनवर त्याला दम दिला, "आता यायचा नाय. आता यायचं ते बोटीनं." मग हा थांबला. रोज फोन करायचा, रोज तेच बोलणं. बोट कधी निघते, कुठे कुठे थांबते. मग मनाली यायचे दिवस जवळ आले आणि वैशाली बिथरली.

ती का बिथरली हे मला माहीत आहे, म्हणून मी तिला एकदम वाईट म्हणत नाही. मागच्या खेपेला मनाली पोटुशी होती. तिची ओटी भरायचं ठरलं होतं, हॉल ठरला, साडी आणली. आणि भावकीतला कोणी म्हातारा डोंबिवलीत गेला. त्याला वैशालीने जन्मात पाहिलं नव्हतं. पण भावकी म्हणजे भावकी. दहा दिवसांचं सुतक लागलं आणि मनाली रिकाम्या ओटीने विमानात बसली. वैशालीने तेव्हा गिळलं. पण तिच्या मनातून ते गेलं नाही. आणि इथे तर डोंबिवलीचा म्हातारा नव्हता, सख्खी काकी होती. बोट निघायच्या आधी ती गेली असती तर सगळं रद्द. काकी गेली आणि हे निघाले समुद्रावर मजा मारायला, असं भावकी जन्मभर बोलली असती.

आता सुतकाची एक खोच सगळ्यांना माहीत असते. बातमी कानावर पडली की सुतक लागतं. पडलीच नाही तर लागत नाही. आमच्या कराडकडेसुद्धा लग्नघरात बातमी दाबून ठेवतात आणि अक्षता पडल्यावर सांगतात. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. पण तिथे माणूस गेलेला असतो. वैशालीने काकी जिवंत असतानाच कान बंद करायला घेतले. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नंदकुमारला बाहेर काढलं. त्याचा फोन स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. गावचा नंबर दिसला की उचलायचा नाही, डोंबिवलीचा दिसला तरी नाही. आणि नंदकुमारने मान डोलावली. त्याने मला सांगितलं, "थोडेच दिवस आहेत, वहिनी. मग समोरासमोरच भेटणार ना मी तिला." असं म्हणताना तो नकाशाकडे बघत होता. ज्या म्हातारीला भेटायला बोटीने जायचं, त्या बोटीसाठीच तिचा फोन घ्यायचा नाही. हा हिशोब त्याला कसा पटला, देव जाणे.

मनाली आली, घर भरलं. आणि एका दुपारी मी मेथी निवडत बसले असताना माझा फोन वाजला. अंकुश होता. माझ्या नवऱ्याचा वाशीच्या फळमार्केटात गाळा असून मी आंबा मात्र अंकुशकडून घेते, म्हणून त्याच्याकडे माझा नंबर.

"ताई, अंकुश बोलतोय, आंबेवाला. नंदूदादा फोन उचलत नाय. वैनी पन उचलत नाय. सगळी बरी हायत ना?"

मी म्हटलं, बरी आहेत.

"आई सारखी इचारतेय त्याला. थांबा, तिलाच देतो."

आणि काकी बोलली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द सगळे स्वच्छ होते. "तू नंदूच्या शेजारची काय गो? ती जाडी?" मी म्हटलं, हो, तीच जाडी. ती हसली, मग तिला धाप लागली. मग म्हणाली, "त्याला सांग, एकदा माझ्याशी बोल. बोट केवडी मोठी हाय ते इचारायचं हाय. एवडंच."

मी मेथी तशीच टाकली आणि समोरची बेल दाबली. वैशालीने दार उघडलं. मागे हॉलभर बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि नात डोक्यावर मोठी टोपी घालून नाचत होती. मी म्हटलं, "वैशाली, अंकुशचा फोन आला होता." तिचा चेहरा असा उतरला की मला तिला धरावंसं वाटलं. ती बाहेर आली आणि दार लोटून घेतलं.

"ताई, पाया पडते तुमच्या. काही सांगू नका."

"अगं, ऐक तर—"

"नको. आत मनाली आहे."

तेवढ्यात दार परत उघडलं आणि नंदकुमार मागे येऊन उभा राहिला. अंकुशचं नाव त्याने आतून ऐकलं असावं. त्याने मला पाहिलं आणि दोन्ही हात उचलून कानांवर घट्ट दाबले. साठी उलटलेला माणूस. मला त्याची इतकी चीड आली आणि इतकी दयाही आली की माझा आवाज चढला.

"जिवंत आहे ती! माझ्याशी बोलली आत्ता!"

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "असंच सांगतात, ताई. माझे वडील गेले तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. सिरियस आहेत, तुझं नाव घेतायत, ये. मी अख्खा रस्ता त्यांच्यासाठी मोसंबी धरून बसले होते."

खरंच आहे ते. आपल्याकडे गेला असं फोनवर कोणी सांगत नाही. बोलावतायत म्हणतात, आणि ऐकणारा समजून जातो. त्यामुळे मी खरं बोलत होते तेच तिला खोटं वाटत होतं आणि याहून वेगळं खरं माझ्याकडे नव्हतं. फोन लावून देते, आत्ता बोला तिच्याशी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि विमान आलं. मी सवयीने थांबले. मेलं ते विमान जाईपर्यंत वैशालीने नवऱ्याला आत ढकललं, मला हात जोडले आणि दार लावून घेतलं.

मी परत बेल दाबली नाही. आत मनाली होती, लहान मूल होतं. मी अंकुशला कळवलं की दादा बाहेर गेलेत, सांगते. दुसऱ्या दिवशी मी नंदकुमारला लिफ्टजवळ गाठायला बघितलं, तर तो जिन्याने गेला.

मग एका दुपारी तोच आला. वैशाली मनालीला घेऊन वाशीला खरेदीला गेली होती. हा माझ्याकडून नेलेला बॅगांचं वजन करायचा काटा परत द्यायचं निमित्त करून आला आणि काटा हातात धरूनच सोफ्यावर बसला.

"वहिनी, त्या दिवशी मी तुमच्या ओठांकडे बघत होतो. 'बोलली' म्हणालात ना तुम्ही?"

मग मात्र मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, हो, बोलली. मला जाडी म्हणाली. तुमची बोट केवढी आहे ते तिला विचारायचं होतं. आणि तुम्ही काय केलंत? कान झाकलेत. जिने तुमची ओकारी हातावर झेलली तिचा फोन उचलायला तुम्हाला भीती वाटते? तो ऐकत राहिला. 'मला जाडी म्हणाली' हे ऐकल्यावर त्याला पटलं असावं, कारण असलं काही मी धीर द्यायला रचून सांगितलं नसतं. तो रडायला लागला. मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग माझ्या फोनवरून अंकुशला लावून स्पीकर चालू केला.

बराच वेळ वाजल्यावर अंकुशने उचलला. नंदकुमार पुढे सरकला. "अंकुश, मी नंदू. काकीला दे रे."

मग अंकुश म्हणाला, "दादा? आई... आताच डोळा लागलाय तिचा."

"झोपलीय? बरी आहे ना?"

"हो. शांत झोपलीय."

"मग उठवू नको," नंदकुमार घाईघाईने म्हणाला. "झोपू दे. उठली की सांग तिला, बोट आपल्या जुन्या बोटीहून मोठी आहे. तीन मजली. मी वरच्या मजल्यावर पुढे उभा असेन म्हणावं. पांढरा शर्ट. तिला रिक्षातून दिसेल ना?"

"दिसंल, दादा."

"तू आणशील ना तिला?"

"तुमी बोटीनंच या," अंकुश म्हणाला. "मी धक्क्यावर हाय."

फोन ठेवला आणि नंदकुमारने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो हसायला लागला. "वेडे आहोत आम्ही, वहिनी. उगाच बिचारीला तंगवलं." काटा माझ्या हातात देऊन तो गेला. लिफ्टजवळ मला त्याची शीळ ऐकू आली. मला वाटलं, चला, निभावलं. मी खरोखर निर्धास्त झाले होते.

चहा टाकला तोच अंकुशचा फोन परत आला.

"ताई, दादा हाय काय जवळ?"

मी म्हटलं, नाही, घरी गेले.

मग तो रडला. एवढा बाप्या माणूस, रडताना लहान मुलासारखे हुंदके देत होता. आई सकाळीच गेली होती. तो नुकताच स्मशानातून येऊन अंगणात उभा होता तेव्हा आमचा फोन गेला होता.

"खोटं बोल्लो, ताई. पन आईनंच सांगून ठेवलेलं. मी गेले तर नंदूला कळवू नको, त्याची बोट चुकंल. फोन का उचलत नाय ते तिला कळलेलं. बोल्ली, घाबरतोय तो, आपन पन लग्नाच्या घरात असंच करायचो. रागावली नाय. हसली. पन दर वेळी फोन वाजला की बघायची, नंदू काय?"

मी गॅस बंद केला.

"ताई, एक इचारायचं हाय. मी डोक्यावरचे केस उतरवलेत. अग्नी दिलेल्यानं दहा दिवस घर सोडायचं नाय, माजी भावकी ओरडनार. ओरडू दे. पन दुसरा कोन धक्क्यावर उभा दिसला तर दादा वरनंच समजंल. म्हनून मीच जातो. टोपी घालून जाऊ काय? लांबनं कळायचं नाय. बोटीतनं उतरला की मग काडतो."

मी म्हटलं, घाल.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी त्यांच्या भावकीतली नाही, मला सुतक नाही. मला कोणी अंघोळ करायला सांगणार नव्हतं आणि देवाला हात लावायला मनाई करणार नव्हतं. नुसती बातमी तेवढी माझ्याकडे होती. सांगितलं तर काय होणार होतं? बॅगा सोडायच्या, मनाली परत रडणार, आणि नंदकुमार गाडीने गावी जाऊन राख बघणार. नाही सांगितलं तर तो एकदाचा बोटीने पोचणार होता आणि तेवढं एक त्या म्हातारीने मागितलं होतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मला राग येत होता. वैशालीचा येत होता, नंदकुमारचा येत होता, भावकीचा येत होता, आणि त्या म्हातारीचाही येत होता. तिने निदान एकदा चिडायला हवं होतं. ती चिडली असती तर मला हलकं वाटलं असतं.

आणि वैशाली एकदम मोकळी झाली होती. काकी बरी आहे, झोपलीय, हे नंदकुमारने तिला सांगितलं तेव्हा ती देवापुढे जाऊन रडली म्हणे. मग तिने कपाटातून एक नवंकोरं सुती पातळ काढलं, पांढऱ्यावर बारीक निळे ठिपके, आणि ते घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, काकींना शोभेल ना? मऊ आहे. अंथरुणात टोचणार नाही." आणि मग म्हणाली, "मी फार वाईट वागले का हो त्यांच्याशी? जयगडला उतरले की पाया धरणार आहे त्यांचे."

मी पातळावरून हात फिरवला. म्हटलं, शोभेल.

ते निघाले त्या दिवशी मी खाली गेटपर्यंत गेले. जायचं नव्हतं मला, पण नाही गेले असते तर विचारायला आले असते. मोठी गाडी बोलावली होती. मनाली बॅगा चढवून घेत होती, जावई नातीच्या मागे धावत होता, वैशाली पातळाची पिशवी मांडीवर घेऊन आधीच बसली होती. नंदकुमारने पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. मी म्हटलं, "जयगड उद्या आहे ना? आजच कशाला?" तो म्हणाला, "उद्यासाठी दुसरा आहे, वहिनी. तसाच." मग त्याने खिशातून एक पुडी काढून दाखवली. आमसुलं होती. "बोट लागली तर," तो म्हणाला आणि हसला.

गाडीत बसता बसता तो परत माघारी आला. माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात बोलला.

"वहिनी, अंकुशचा फोन आला तर उचला हं. बोटीवर रेंज असेल नसेल. पण काही कळलं तर मेसेज टाका, काहीही असो. आता मी कान झाकणार नाही."

माझ्या हातात फोन होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड धुऊन काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं आणि त्या वेळी एकही विमान आलं नाही. मी म्हटलं, "सुखरूप जा, भावोजी."

गाडी वळून पुलाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी गेटवर उभी राहिले. मग वर आले, दार लावलं आणि अंकुशला फोन लावला. म्हटलं, निघाले रे. उद्या दुपारी पोचतील. तो हो म्हणाला. मग मी त्याला म्हटलं, टोपी विसरू नकोस.